काचपेटीतले बाळ आणि आपले हात

गेल्या महिन्यात आमच्या नवजात अतिदक्षता कक्षाच्या दाराशी एक आजीबाई माझ्यावर चांगल्याच रागावल्या. "माझ्याच नातवाला बघायला मला मज्जाव? मी काय परकी आहे का?" बाळ सातव्या महिन्यात जन्मलेले, वजन जेमतेम १२०० ग्रॅम. आजींची माया खरी होती. पण त्या एसटीतून उतरून थेट आल्या होत्या आणि हात तसेच होते. त्यांना जे समजावून सांगितले, तेच आज वाचकांना सांगतो.

दाद न देणारे जंतू

अँटिबायोटिक औषधाने नाजूक जंतू मरतात; जे चिवट असतात ते उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. एवढेच नव्हे, तर आपला चिवटपणा ते शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देऊ शकतात. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणातच हा धोका बोलून दाखवला होता. रुग्णालयात ही औषधे सर्वांत जास्त वापरली जातात, म्हणून सर्वांत निगरगट्ट जंतूही तेथेच मुक्काम ठोकतात.

दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात १३ हजारांहून अधिक नवजात बाळांचा अभ्यास झाला. आजारी बाळांच्या रक्तात असिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला हे जंतू आघाडीवर होते. असिनेटोबॅक्टरच्या ८२ टक्के आणि क्लेबसिएलाच्या ५४ टक्के नमुन्यांनी अनेक गटांतील औषधांना दाद दिली नाही. म्हणजे जंतू रक्तात शिरल्यावर धावाधाव करण्यापेक्षा तो बाळापर्यंत पोचूच न देणे, हाच खरा उपाय.

बाळालाच धोका अधिक का?

आईच्या रक्तातील संरक्षक द्रव्ये बाळाला मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत मिळतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची ही शिदोरी अपुरीच राहते. त्याची कातडी पातळ असते; त्यात शिरेतली सुई, नाकातली नळी, श्वासाचे यंत्र. प्रत्येक नळी म्हणजे जंतूंना उघडे दारच.

आता एक जुनी आठवण सांगतो. मी शिकाऊ डॉक्टर असताना एका रुग्णालयात पाठोपाठ तीन बाळांना एकाच जंतूचा संसर्ग झाला. आम्ही औषध बदलले, मग त्याहून भारी औषध आणले. त्यातले एक बाळ हाती लागले नाही. शेवटी कक्षातील वस्तूंचे नमुने तपासले, तेव्हा तोच जंतू घशातील कफ ओढण्याच्या यंत्राच्या बाटलीत सापडला. बाटलीपासून बाळापर्यंत त्याला आम्हीच नेत होतो, आमच्या हातांनी. बाटल्यांची रोज सफाई, एका बाळाचे सामान दुसऱ्याला न वापरणे आणि प्रत्येक बाळाआधी हात धुणे, हे कडकपणे सुरू केल्यावर ती साथ थांबली. ते बाळ मी अजून विसरलेलो नाही.

हातांचा हा दोष नवा नाही. व्हिएन्नातील डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ साली डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तरी त्यांचे म्हणणे सहकाऱ्यांना पटायला फार काळ लागला!

नातेवाइकांनी काय करावे?

१) अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून साबणाने कोपरापर्यंत हात धुवावेत. बोटांच्या बेचक्या, नखे, अंगठा विसरू नये. या कामाला ४० ते ६० सेकंद लागतात. ओले हात पदराला किंवा पँटला पुसू नयेत; नाहीतर धुतले काय आणि न धुतले काय, सारखेच. धुतल्यावर मोबाइलला हात लावू नये. लावलाच तर पुन्हा धुवावेत.

२) सर्दी, ताप, जुलाब किंवा हाताला पिकलेली जखम असेल तर आत जाऊ नये.

३) आईला मात्र पाहुणी समजू नये. तिच्या पहिल्या चिकात संरक्षक द्रव्ये भरपूर असतात. तो काढून टाकू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने तिने बाळाला उघड्या छातीशी धरावे. याला 'कांगारू पद्धत' म्हणतात. जन्मल्यावर बाळाच्या अंगावर आणि आतड्यात कोणते ना कोणते जंतू वस्ती करणारच. ते रुग्णालयातल्या जंतूंपेक्षा आईच्या अंगावरचे असलेले बरे.

४) मध, गुटी, वरचे दूध चोरून देऊ नये.

५) डॉक्टर किंवा परिचारिका बाळाला हात लावण्यापूर्वी "हात धुतले का?" असे खुशाल विचारावे. हातमोजे घातले म्हणून धुण्यातून सुटका नाही. मला कोणी असे विचारले तर मी आभारच मानतो.

६) "डॉक्टर, भारीतले औषध द्या" असा आग्रह धरू नये. रक्ताच्या कल्चर तपासणीचा अहवाल यायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. त्यात जंतू निघाला नाही आणि बाळ ठीक असेल, तर डॉक्टर अँटिबायोटिक बंद करतात. तो निष्काळजीपणा नव्हे.

घरी गेल्यावरही मोठ्या भावंडाचे उरलेले औषध बाळाला पाजू नये. बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले, अंग तापले किंवा गार पडले, श्वास जोरात चालू लागला, तर दुकानातून औषध न आणता ताबडतोब रुग्णालय गाठावे.

त्या आजीबाईंचे पुढे काय झाले? सगळे ऐकून त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले आणि पाच मिनिटे नातवाला डोळे भरून पाहिले. आज ते बाळ दीड किलोचे झाले आहे आणि आईच्या छातीशी असते. आजी रोज डबा घेऊन येतात, आणि दाराशी नवीन नातेवाईक दिसले की आमच्याआधी त्याच विचारतात, "हात धुतलेत का हो?"