शर्यत ट्रायथलॉनची, निधी मनाच्या आरोग्यासाठी

प्रश्न : भूमच्या एका वाचकाला ट्रायथलॉन पूर्ण करून शेतकरी कुटुंबांच्या मानसिक आरोग्यासाठी निधी उभारायचा आहे. सुरुवात कशी करावी?

उत्तर : थेट ‘आयर्नमॅन’ गाठण्याची घाई नको. त्यात 3.8 किलोमीटर पोहणे, 180 किलोमीटर सायकल आणि वर 42.2 किलोमीटर धावणे असते. मॉडेल-अभिनेते मिलिंद सोमण यांनी 2015 मध्ये झुरिकला हे पूर्ण केले, तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. पण पोहण्याच्या राष्ट्रीय स्पर्धांची बैठक पाठीशी होती. नवख्याने गोव्यातल्या ‘आयर्नमॅन 70.3’ शर्यतीचा विचार करावा. अंतर बरोबर निम्मे.

सायकलीला भूमजवळच्या बालाघाटाचे चढउतार उत्तम. खरी अडचण पाण्याची. विहिरीत पट्टीचा पोहणाराही समुद्रात गडबडतो : टेकायला कठडा नाही, शेजाऱ्याची लाथ गॉगलवर बसते, श्वासाची लय तुटते. म्हणून आधी तलावाची सवय, तीही सोबत्याशिवाय नाही. हृदयाची तपासणी त्याआधी.

पैशांचे मात्र चोख हवे. स्वतःच्या खात्यावर देणग्या घेऊ नयेत. नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात थेट जमा कराव्यात. 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला आयकर सवलत मिळत नाही, हे देणगीदारांना आधीच सांगावे. प्रवेशशुल्क, प्रवास पदरचाच. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये उभी केलेली ‘आयपीएच’ (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातली जुनी संस्था.

निधीच्या प्रत्येक पत्रकावर ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक ठळक छापावा. ही सेवा मोफत आहे आणि चोवीस तास चालते.