मशीन बसवण्याआधी तपासणी मागा

फिट्ससाठी व्हीएनएस (व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेशन) मशीन बसवायचा सल्ला मिळाला असेल, तर सही करण्याआधी एक प्रश्न विचारा: मेंदूच्या शस्त्रक्रियेने फिट्स थांबतील का, याची तपासणी पूर्ण झाली का? आम्ही हा प्रश्न विचारला होता. मी स्वतः विचारला, वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, देखत. "एमआरआय नॉर्मल आहे, ऑपरेशनचा प्रश्नच येत नाही," असं उत्तर मिळालं आणि डॉक्टरांनी पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली. आज नातेवाईक म्हणतात, तुम्ही घाई केलीत. म्हणून आधी हे लिहून ठेवते.

माझ्या भावाला लहानपणी तापात लांबलेली फिट आली होती. दहावीनंतर वेगळ्याच फिट्स सुरू झाल्या. पोटातून काहीतरी वर चढतं, मग नजर थिजते, ओठ चघळल्यासारखे हलतात, उजवा हात शर्टाच्या बटणांशी चाळा करत राहतो. मधूनच अख्खं अंग आखडून तो कोसळतो. औषधं किती झाली! फेनिटोइनने हिरड्या सुजल्या. व्हॅल्प्रोएटने हात थरथरायला लागले. लेव्हेटिरासिटामने हा शांत मुलगा दारं आपटायला लागला, आणि तो औषधाचा परिणाम असू शकतो हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. घरात आई त्याच्यावर चिडत राहिली. क्लोबाझामने दिवसभर पेंग. दर वेळी चिठ्ठीवर एक गोळी वाढायची.

मी बँकेत काम करते, आकडे वाचता येतात. ग्लासगोच्या क्वान आणि ब्रॉडी यांचा 2000 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मी नंतर वाचला. आधी कोणतंही औषध न घेतलेले 470 पेशंट होते. त्यांतल्या 47 टक्क्यांच्या फिट्स पहिल्या औषधाने थांबल्या, आणखी 13 टक्क्यांच्या दुसऱ्याने. त्यापुढे तिसरं औषध आणि दोन औषधांची जोडी धरूनही भर पडली ती जेमतेम 4 टक्क्यांची. म्हणूनच 2010 साली आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने व्याख्या ठरवली: योग्य निवडलेली, योग्य डोसमध्ये दिलेली दोन औषधं निकामी ठरली, तर तो आजार औषधांना न जुमानणारा समजायचा. दुसरं औषध फसलं तेव्हाच आम्हाला मोठ्या केंद्राकडे पाठवायला हवं होतं. आम्ही मात्र वर्षानुवर्षं त्याच बाकावर बसून राहिलो.

मग मशीन आलं. सल्ला द्यायच्या दिवशी कंपनीचा माणूस आधीपासूनच केबिनमध्ये होता. त्याने नमुन्याचं मशीन अण्णांच्या तळहातावर ठेवलं. डाव्या कॉलरबोनखाली ते बसवतात, तिथून तार मानेत नेऊन डाव्या व्हेगस नसेभोवती गुंडाळतात, आणि साधारण दर पाच मिनिटांनी अर्धा मिनिट नसेला विजेचा सौम्य झटका मिळतो. अमेरिकेत 1997 पासून मान्यता आहे, तेही सांगितलं. सगळं खरंच होतं. "रिझल्ट पन्नास टक्के," डॉक्टर म्हणाले. अण्णांनी अर्थ लावला तो कुणीही लावला असता: दोघांतला एक बरा होतो. त्यांनी तो बोलूनही दाखवला. केबिनमधल्या एकानेही दुरुस्ती केली नाही. भावाच्या लग्नासाठी ठेवलेली एफडी त्याच आठवड्यात मोडली.

त्या पन्नास टक्क्यांचा खरा अर्थ असा, की काही महिने-वर्षं गेल्यावर साधारण निम्म्या पेशंटच्या फिट्स निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी होतात. पूर्ण थांबतात त्या फार थोड्यांच्या. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत तीन महिन्यांनी पूर्ण ताकदीच्या गटात फिट्स सरासरी 28 टक्क्यांनी कमी झाल्या, नाममात्र करंट दिलेल्या गटात 15 टक्क्यांनी. परिणाम हळूहळू वाढतो हेही अभ्यासांत दिसलंय. ज्यांच्या फिट्स मेंदूत अनेक ठिकाणांहून उठतात किंवा ज्यांचं ऑपरेशन शक्यच नाही, त्यांच्यासाठी हे मशीन मोठा आधार आहे. त्याला मी वाईट म्हणत नाही. आमच्या रांगेत ते पुढे घुसवलं गेलं, हे माझं म्हणणं आहे.

भावाचे मोठे झटके थोडे कमी झाले. नजर थिजणं तसंच राहिलं. तो गणिताच्या शिकवण्या घेतो. मशीन चालू झालं की बोलता बोलता आवाज घोगरा व्हायचा, पोरं हसायची. करंट वाढवताना हे होतं, एवढंच उत्तर मिळत राहिलं.

शेवटी मी फाईल उचलली आणि दुसऱ्या शहरातल्या अपस्मार केंद्रात गेले. तिथल्या डॉक्टर मॅडमनी आधी भावाला बोलू दिलं. मग माझ्या मोबाईलमधला फिटचा व्हिडिओ दोनदा पाहिला. जुन्या एमआरआयची सीडी लावली, बराच वेळ एकाच चित्रावर थांबल्या आणि विचारलं, "व्हिडिओ ईईजी कुठे आहे?" मी म्हटलं, केलेला नाही. "अपस्मारासाठीचा वेगळा एमआरआय?" तोही नाही. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. उजवीकडचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे टेम्पोरल लोबमधला एक भाग, डावीकडच्यापेक्षा लहान दिसत होता. मला, वैद्यकातलं काही न कळणाऱ्या बाईला, तो दिसत होता. "लहानपणी तापात लांबलेली फिट होती ना?" त्यांनी विचारलं. त्या एका प्रश्नासाठी आम्ही इतकी वर्षं फी भरली होती, आणि तो पहिल्यांदा इथे विचारला गेला. भाऊ म्हणाला, "ताई, म्हणजे माझं ऑपरेशन होऊ शकलं असतं?" मॅडम म्हणाल्या, "अजूनही होऊ शकेल. पण आता तपासणी अवघड झाली आहे."

अवघड का, तर मशीनमुळे. ते छातीत असताना एमआरआयवर मर्यादा येतात. मॉडेल बघावं लागतं, तपासणीआधी करंट शून्यावर आणावा लागतो, काही मॉडेल्सना फक्त डोक्यापुरती खास कॉइल चालते आणि ती सगळीकडे नसते. मशीन काढून टाकलं तरी नसेभोवतीची तार बहुधा तिथेच चिकटून बसलेली असते, आणि ती राहिली तर एमआरआयची अट सुटत नाही. यातलं काहीही सही घेताना सांगितलं नव्हतं. संमतीपत्र इंग्रजीत होतं.

अपस्माराच्या ऑपरेशनचे आकडे त्या रात्री वाचले आणि झोप लागली नाही. टेम्पोरल लोबच्या ऑपरेशनवरच्या कॅनडातल्या 2001 सालच्या चाचणीत 80 पेशंट होते. वर्षभरात शुद्ध हरपणाऱ्या फिट्सपासून ऑपरेशनच्या गटातले 58 टक्के मुक्त झाले, नुसत्या औषधांच्या गटातले 8 टक्के. आपल्याच दिल्लीच्या एम्समध्ये 116 मुलांवर झालेली चाचणी 2017 साली प्रसिद्ध झाली: ऑपरेशन झालेल्यांत वर्षाअखेर 77 टक्के फिटमुक्त, औषधांवरच्यांत 7. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत अशी ऑपरेशनं 1995 पासून होतात. हे गुपित नव्हतं. मेंदूच्या डॉक्टरला ते ठाऊक नसेल, यावर मी विश्वास ठेवायला तयार नाही.

आता ज्यांच्या घरी हे चाललंय त्यांच्यासाठी. दोन औषधं फसली की अपस्मारावरच काम करणाऱ्या केंद्रात नाव घाला. तिथे व्हिडिओ ईईजी आणि अपस्मार प्रोटोकॉलचा एमआरआय हे दोन शब्द स्वतःहून उच्चारा. साध्या एमआरआयच्या रिपोर्टवर नॉर्मल लिहिलं असलं तरी सीडी सांभाळून ठेवा आणि ती दुसऱ्या जाणकाराला दाखवा. फिट आली की घरातल्या एकाने पेशंटला सांभाळावं, दुसऱ्याने व्हिडिओ काढावा, हात आणि चेहरा दोन्ही दिसतील असा. कोणी टक्केवारी सांगितली, तर विचारा: कशाची टक्केवारी? फिट्स थांबलेल्यांची, की कमी झालेल्यांची? कमी म्हणजे किती, किती काळानंतर?

मशीन आधीच बसवलं असेल, तर त्यासोबत मिळालेलं लोहचुंबक नुसतं फिट आल्यावर फिरवण्यासाठी नसतं. ते मशीनवर धरून ठेवलं की तेवढा वेळ झटके थांबतात. वर्गात महत्त्वाचं काही शिकवताना भाऊ आता तसंच करतो. हे त्याला त्या नव्या मॅडमनी शिकवलं; ज्यांनी मशीन विकलं त्यांनी नाही. फिजिओथेरपिस्टला मशीनबद्दल आधी सांगा. फिटमध्ये पडून भावाचा खांदा दुखावला, तेव्हा त्याला शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक देणार होते. या मशीनवर तो शेक कधीही चालत नाही. माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरात लिहिलेलं मी वाचलं होतं म्हणून थांबवता आलं.

बाकीचं तुम्हाला माहीत असेलच: गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, जागरणं टाळायची, फिटमध्ये कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, नाकाला कांदा-चप्पल लावायची नाही. फिट पाच मिनिटांवर गेली तर दवाखाना. मिडॅझोलामचा नाकात मारायचा स्प्रे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आणि कागद मागा. लेखी मागणी केल्यावर 72 तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं, असा भारतीय वैद्यकीय परिषदेचा 2002 चा नियम आहे. मी तो अर्जात लिहिला तेव्हा फाईल निघाली, त्याआधी ती सापडत नव्हती.

भावाचा व्हिडिओ ईईजी झाला. पकडलेल्या सगळ्या फिट्स उजव्या टेम्पोरल लोबमधून उठताना दिसल्या. स्मरणशक्तीच्या चाचण्या बाकी आहेत, मग ऑपरेशनचं ठरेल. जुन्या दवाखान्यातून अजून फोन येतात, मशीनचा करंट वाढवायला पेशंटला घेऊन या म्हणून. व्हिडिओ ईईजी का केला नाही याचं लेखी उत्तर आधी द्या, असं मी त्यांना कळवलं आहे. ते आलेलं नाही.