स्वायत्तता आणि मूल्यांकन

१८५७ मध्ये मद्रास विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा ते स्वतः अध्यापन करीत नसे. संलग्न महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन पदव्या देणे, हेच त्याचे मुख्य कार्य होते. पदवीची ग्वाही या बाहेरच्या परीक्षेतून मिळे. वर्गात काय व कसे शिकविले जाते, हा प्रश्न मागे पडे. कोठारी आयोगाने (१९६४–६६) निवडक महाविद्यालयांना स्वायत्तता देण्याची शिफारस केली. तिला अनुसरून १९७८ मध्ये मद्रासमधील, म्हणजे आजच्या चेन्नईतील, लॉयोला व मद्रास ख्रिश्चन या महाविद्यालयांस अभ्यासक्रम आखण्याचा आणि परीक्षा घेण्याचा अधिकार मिळाला. पदवी विद्यापीठाचीच राहिली. परंतु जो शिकवितो तोच परीक्षा घेणार असेल, तर परगावच्या लोकांनी त्या गुणपत्रिकेवर विश्वास कशाच्या आधारे ठेवावा? विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ मध्ये स्थापन केलेल्या राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेचे, म्हणजेच ‘नॅक’चे, महत्त्व येथे ध्यानात येते. तिने रूढ केलेल्या पद्धतीत संस्था प्रथम आत्मपरीक्षणाचा अहवाल सादर करी. नंतर अन्य ठिकाणचे अध्यापक त्याची पडताळणी करीत आणि श्रेणी ठरे. विद्यार्थ्याप्रमाणे संस्थाही परीक्षेस बसू लागली. मात्र नेटका अहवाल म्हणजे उत्तम अध्यापन नव्हे. हा भेद विसरल्यास जुनाच दोष परत येतो: कागद तपासले जातात, वर्ग नजरेआड राहतो.