झिको : एका खेळाडूचें दुसरें घर

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या फुटबॉल संघांतील एक चांगला खेळाडू शाळा सोडून गांवांतील दुसऱ्या शाळेंत गेला. वडिलांची बदली झाली नव्हती, घरही बदललें नव्हतें. त्या शाळेचें मैदान मोठें आहे व तेथें खेळासाठीं स्वतंत्र शिक्षक आहेत, एवढेंच कारण. संघांतील मुलांनीं त्याच्याशीं बोलणें टाकलें. कोणीं तरी वर्गांतील फळ्यावर त्याच्या नांवापुढें 'फितूर' असा शब्द लिहिला. आम्हीं तो पुसला, आणि त्या तासाला व्याकरण बाजूस ठेवून मुलांना एका परदेशी खेळाडूची हकीकत सांगितली. तीच, थोडी वाढवून, विद्यार्थी व पालक ह्यांच्यापुढें येथें ठेवीत आहों.

ब्राझील देशांतील रिओ द जानेरो शहराच्या एका उपनगरांत ३ मार्च १९५३ रोजीं आर्थुर आंतुनेस कोइंब्रा ह्याचा जन्म झाला. आपल्याकडे घरांत मुलाचें नांव लाडानें मोडून घेण्याची चाल आहे, तशी तिकडेही आहे. आर्थुरचा आर्थुरझिन्यो झाला, त्याचा आर्थुरझिको, आणि शेवटीं नुसता झिको उरला; जगानें पुढें तेंच नांव घेतलें. थोरले भाऊ फुटबॉल खेळत. १९६७ सालीं, चौदा वर्षांचा असतां, एका रेडिओ-निवेदकानें त्याला फ्लामेंगो ह्या रिओमधील मोठ्या क्रीडासंस्थेंत नेलें. मुलाच्या पायांत कसब होतें, पण अंगांत बळ नव्हतें. इतका किरकोळ मुलगा धक्काबुक्कीच्या खेळांत टिकावा कसा? तेव्हां संस्थेनें त्याच्यासाठीं खास आहार ठरविला, व्यायाम ठरविला, आणि हा क्रम कित्येक वर्षें चालविला. म्हणजे नुसता खेळच नव्हे, तर ज्या शरीरानें तो खेळला तेंही पुष्कळ अंशीं फ्लामेंगोनें घडविलें. ऋणाचा हिशेब मांडावयाचा तर येथून मांडावा लागतो.

तें ऋण त्यानें फेडलें नाहीं असें कोणासही म्हणतां येणार नाहीं. फ्लामेंगोसाठीं त्यानें पांचशेंच्या घरांत गोल केले. १९८१ सालीं ह्या संघानें दक्षिण अमेरिकेंतील सर्व संस्थांवर मात करून तेथील श्रेष्ठ चषक मिळविला, आणि त्याच वर्षीं १३ डिसेंबर रोजीं टोकियो येथें युरोपचा विजेता लिव्हरपूल ह्याचा ३-० असा पराभव केला. त्या तीन गोलांपैकीं एकही झिकोच्या नांवावर नाहीं. दोन त्यानें दिलेल्या चेंडूंवर झाले, व एक त्याच्या फ्री किकनंतर परत आलेल्या चेंडूवर झाला. सामन्यांतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून मात्र त्याचीच निवड झाली. गोल करणारा तेवढाच काय तो खेळाडू, असें ज्या मुलांना वाटतें त्यांनीं ह्या सामन्याचा विचार करावा. टोकियोचें नांवही लक्षांत ठेवावें; जपानची गोष्ट पुढें यावयाची आहे.

झिकोनें फ्लामेंगो दोनदां सोडलें. पहिल्या खेपेस तो तीस वर्षांचा होता. २९ मे १९८३ रोजीं माराकाना क्रीडांगणावर दीड लाखांहून अधिक लोकांसमोर त्यानें पहिल्याच मिनिटास गोल केला, फ्लामेंगो ब्राझीलचा विजेता ठरला, आणि थोड्याच दिवसांत तो इटलीस गेला. गेला तो कोठें? मिलानला नाहीं, तुरीनला नाहीं. ईशान्येकडील उदिने नांवाच्या लहानशा शहरांतील उदिनेसे संघाकडे. इटलीच्या फुटबॉल महासंघानें प्रथम हा करार अडवून धरला, तेव्हां उदिनेचे लोक रस्त्यावर आले व 'झिको, नाहीं तर ऑस्ट्रिया' अशी घोषणा करूं लागले. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ह्यांतील गंमत कळेल : हें शहर १८६६ पर्यंत ऑस्ट्रियाच्या ताब्यांत होतें. अखेर परवानगी मिळाली. पहिल्याच वर्षीं तेथील लीगमध्यें त्यानें २४ सामन्यांत १९ गोल केले. दुसऱ्या वर्षीं दुखापतींनीं गांठलें, आणि १९८५ सालीं तो फ्लामेंगोंत परत आला.

परत येऊन फार दिवस झाले नाहींत तोंच एका सामन्यांत प्रतिपक्षाच्या खेळाडूनें त्याच्या गुडघ्यावर अशी धडक दिली कीं, तो गुडघा पुन्हा पूर्ववत् झाला नाहीं. शस्त्रक्रिया झाल्या, महिनेच्या महिने अंथरुणांत व व्यायामांत गेले. १९८६ च्या विश्वचषकांत फ्रान्सविरुद्ध तो राखीव खेळाडू म्हणून उतरला, पेनल्टी मारावयास पुढें झाला, आणि ती गोलरक्षकानें अडविली. ब्राझीलचा संघ त्या सामन्यांत हरला. तरीही दुखरा गुडघा घेऊन तो १९८९ च्या अखेरीपर्यंत फ्लामेंगोकडून खेळला, आणि ६ फेब्रुवारी १९९० रोजीं माराकानावर त्याच्या निरोपाचा सामना झाला. सदतिसावें वर्ष पुरें होण्यास तेव्हां महिनाही उरला नव्हता. सर्वसाधारण खेळाडूची गोष्ट येथें संपते.

निरोपानंतर ब्राझीलच्या सरकारानें त्याला क्रीडाखात्याचा सचिव नेमलें. तेथें त्यानें जें काम हातीं घेतलें तें आमच्या मतें त्याच्या गोलांइतकेंच स्मरणांत ठेवण्यासारखें आहे. ब्राझीलमध्यें त्या वेळीं अशी वहिवाट होती कीं, खेळाडूचा करार संपला तरी त्याच्या नोंदणीचा हक्क संस्थेकडेच राही. ह्या हक्कास तिकडे 'पासे' म्हणत. संस्थेनें सोडल्याशिवाय खेळाडूस दुसरीकडे जातां येत नसे. झिको स्वतः मोठ्या संस्थेंत वाढला, मोठ्या मानानें राहिला. त्याला ह्या बंधनाचा कांच सर्वांत कमी लागला असेल. तरी तें काढून टाकणारा कायदा त्यानेंच सुचविला. १९९३ सालीं जो कायदा झाला त्यास लोक झिकोचेंच नांव देतात, परंतु तो मंजूर होईपर्यंत 'पासे' रद्द करण्याचा भाग त्यांत उरला नव्हता. तें काम १९९८ सालीं, पेलेच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कायद्यानें झालें. आम्हीं मुलांना विचारलें, ज्याला जातांच येत नाहीं त्याच्या राहण्याला निष्ठा म्हणावें काय? दाव्यानें बांधलेलें गुरूं गोठ्यावर निष्ठा ठेवतें असें कोणी म्हणत नाहीं. ह्यावर मुलें हंसलीं, पण उत्तर कोणीं दिलें नाहीं.

आतां जपानकडे वळूं. १९९१ सालीं, वयाच्या अडतिसाव्या वर्षीं, सरकारी काम सोडून झिको जपानला गेला. टोकियोच्या पूर्वेस समुद्रकांठीं काशिमा नांवाचें गांव आहे. वस्ती त्या वेळीं पन्नास हजारांच्या आंत, आणि जवळ सुमितोमो कंपनीचा पोलादाचा कारखाना. त्या कंपनीचा एक फुटबॉल संघ होता, व तो जपानच्या जुन्या लीगच्या दुसऱ्या विभागांत खेळत असे. माराकानावर दीड लाख माणसांच्या गजरांत खेळलेला हा गृहस्थ त्या कारखान्याच्या संघांत दाखल झाला. वयानें उतरणीस लागलेला, गुडघा शिवलेला, भाषा न येणारा.

त्या सुमारास जपानमध्यें पहिली धंदेवाईक लीग निघण्याच्या बेतांत होती. सुमितोमोच्या संघानेंही प्रवेश मागितला. लीगचे चालक साबुरो कावाबुची ह्यांनीं, हें जवळजवळ अशक्य आहे, असें त्यांना स्पष्ट सांगितलें. आणि त्यांनीं आपण होऊन माघार घ्यावी म्हणून, पंधरा हजार प्रेक्षकांचें, वर छप्पर असलेलें क्रीडांगण बांधाल काय, असें विचारलें. काशिमाकरांनीं तें बांधलें! अशा रीतीनें पहिल्या दहा संघांत ह्या लहान गांवाचा संघ 'काशिमा अँटलर्स' ह्या नांवानें बसला. अँटलर म्हणजे हरणाचें शिंग. काशिमा ह्या नांवाच्या लिपींतच हरिण आहे.

झिकोनें तेथें काय केलें? प्रथम तो खेळला. दुसऱ्या विभागांत त्या वर्षीं सर्वांत अधिक गोल त्याचेच. परंतु त्याचें खरें काम शिकविण्याचें झालें. त्याचे सोबती कंपनीच्या संघांत वाढलेले. खेळ हाच आपला धंदा व त्यावरच आपली भाकरी, हा विचार त्यांच्या अंगवळणीं पडलेला नव्हता. सरावांतही सामन्यासारखें झटावें, आपलीं साधनें आपण नीट ठेवावींत, हरलों तर कां हरलों हें शोधावें, ह्याविषयीं तो आग्रही असे, कधीं कधीं रागीटही होई. लीग सुरू होण्यापूर्वीं संघ इटलीच्या दौऱ्यावर गेला असतां क्रोएशियाच्या राष्ट्रीय संघानें त्याला ८-१ असें धुऊन काढलें. चार दिवसांचा पाहुणा असता तर त्यानें तें सोडून दिलें असतें. झिकोनें तो पराभव फार मनाला लावून घेतला, व संघाची घडी पुन्हा बसविण्यांत आली. १६ मे १९९३ रोजीं नव्या क्रीडांगणावर लीगमधील पहिला सामना झाला. प्रतिपक्ष नागोयाचा. काशिमानें ५-० असा विजय मिळविला, आणि त्यांतील तीन गोल चाळीस वर्षांच्या झिकोचे होते. त्या लीगमध्यें एका सामन्यांत तीन गोल करणारा तो पहिला खेळाडू.

त्याच नागोया संघाकडे इंग्लंडचा प्रसिद्ध गॅरी लिनेकर आला होता. तोही आपला देश सोडून आलेला, वयानें झिकोहून सात वर्षांनीं लहान. पण पायाच्या दुखापतीमुळें त्याला दोन हंगामांत फारसें खेळतांच आलें नाहीं. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकास काशिमा भेटतें असें नाहीं, हेंही मुलांना सांगितलें पाहिजे.

मागच्या बाकावरून एकानें विचारलें, "सर, कंपनीनें पैसे दिले म्हणूनच गेला ना?" पैसे दिले, आणि त्यानें घेतले, त्यांत लपविण्यासारखें कांहीं नाहीं. ह्याच वर्गांतील कित्येक मुलांची फी आखातांतून किंवा जहाजांवरून येते. त्यांचे वडील घर सोडून गेले म्हणून त्यांना कोणी फितूर म्हटल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं. हें बोलून गेल्यावर वर्ग एकदम गप्प झाला, आणि आम्हांस वाटलें कीं जरा अधिकच बोललों. पण ज्या पालकांनीं दूर राहून मुलें वाढविलीं आहेत त्यांना ह्या प्रश्नांतील वेदना आमच्याहून अधिक ठाऊक आहे.

काशिमाचा संघ आजही झिकोनें दिलेले तीन शब्द आपले म्हणून मिरवितो : काम, निष्ठा, आदर. ज्यानें आपली जुनी संस्था सोडली त्यानें दुसऱ्या संघास निष्ठा शिकवावी, हें आमच्या मुलांना प्रथम चमत्कारिक वाटलें. तिसऱ्या शब्दाविषयीं एक गोष्ट न सांगितली तर खरेपणा राहणार नाहीं. १९९४ च्या जानेवारींत, विजेतेपदाच्या निर्णायक सामन्यांत पंचांनीं प्रतिपक्षास पेनल्टी दिली. झिकोला तो निर्णय अन्यायाचा वाटला, आणि संतापाच्या भरांत तो पेनल्टीसाठीं ठेवलेल्या चेंडूपाशीं जाऊन थुंकला. पंचांनीं त्याला मैदानाबाहेर काढलें, आणि विजेतेपदही गेलें. आदर शिकविणाराच आदर विसरला. आम्ही शिक्षकांनीं ही गोष्ट मुलांपेक्षां स्वतःस अधिक वेळां सांगावी.

त्याच वर्षीं त्यानें खेळणें थांबविलें, पण काशिमा सोडलें नाहीं. सल्लागार म्हणून तो संघाशीं जोडलेला राहिला. १९९६ सालीं काशिमानें लीगचें पहिलें विजेतेपद मिळविलें. क्रीडांगणाबाहेर त्याचा पुतळा उभा आहे. २००२ ते २००६ तो जपानच्या राष्ट्रीय संघाचा मुख्य शिक्षक होता. २००४ सालीं त्या संघानें आशियाचा चषक जिंकला. २००६ च्या विश्वचषकांत मात्र पहिल्याच फेरींतून परतावें लागलें, आणि शेवटचा पराभव, ४-१ असा, ब्राझीलकडूनच झाला. त्या दिवशीं तो कोणत्या बांकावर बसला होता हें मुलांनीं लक्षांत घ्यावें.

आमच्या शाळेंत ज्यांचें आजोळ गोव्यांत आहे अशीं कांहीं मुलें आहेत. त्यांना झिकोचें नांव सांगावें लागलें नाहीं. २०१४ ते २०१६ हे तीन हंगाम तो गोव्याच्या संघाचा शिक्षक होता, आणि मडगांवजवळ फातोर्ड्याच्या मैदानावर लोकांनीं त्याला डोळ्यांनीं पाहिलें आहे. २० डिसेंबर २०१५ रोजीं त्याच मैदानावर अंतिम सामन्यांत गोवा अगदीं शेवटच्या मिनिटांपर्यंत पुढें होतें, आणि चेन्नईकडून ३-२ असें हरलें. आमच्या एका विद्यार्थ्याच्या मामानें तो सामना पाहिला होता. तो अजून त्याविषयीं बोलत नाहीं म्हणे. २०१८ सालीं झिको पुन्हा काशिमास कामावर रुजू झाला, व त्या वर्षीं काशिमाचा संघ आशियांतील संस्थांचा विजेता झाला.

तास संपला. फळ्यावर तो शब्द पुन्हा कोणीं लिहिला नाहीं. दिवाळीच्या सुटीनंतर त्या दुसऱ्या शाळेचा संघ आमच्या मैदानावर खेळावयास आला, त्यांत तो मुलगाही होता. आमचा संघ २-१ असा हरला; गोल त्यानें केला नाहीं, पण दुसऱ्या गोलाचा चेंडू त्यानेंच दिला. सामना संपल्यावर तो आमच्या मुलांकडे हात पुढें करून आला. दोघांनीं हात मिळविला. बाकीचे जाळें गुंडाळण्यांत गुंतले होते.