परदेशी गेलेली साळुंकी

साळुंकी कोणास ठाऊक नाही? लष्करातील जुन्या वाड्यांच्या वळचणीस, महाराजबाड्याच्या गर्दीत, मधल्या सुट्टीनंतर शाळेच्या पटांगणावर सांडलेल्या घासांभोवती, जेथे पाहावे तेथे ती आहेच. तपकिरी अंग, पिवळे पाय, डोळ्यामागे पिवळ्या कातडीचा पट्टा आणि चालण्यात घरधन्याचा डौल. अशा या शेजारणीचे नाव आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या तज्ज्ञांनी २००० साली जगातील शंभर अत्यंत उपद्रवी परकीय जीवांच्या यादीत घातले आहे, हे सांगितल्यावर आमच्या वर्गातील मुलांना प्रथम हसूच आले. त्या यादीत पक्षी अवघे तीन. आणि त्यांपैकी दोन, साळुंकी व लालबुड्या बुलबुल, आपल्याच अंगणातले आहेत.

साळुंकी आपण होऊन समुद्र ओलांडून गेली नाही. अठराव्या शतकात मॉरिशस बेटावर टोळांनी पिकांची दाणादाण उडविली, तेव्हा त्यांच्या नाशासाठी तिला हिंदुस्थानातून तेथे नेण्यात आले. १८६२ साली मेलबर्नच्या भाजीमळ्यांतील कीड खाण्यासाठी तिला ऑस्ट्रेलियात आणले, १८६५ साली हवाई बेटांवर. कीड खाणारा पक्षी म्हणजे बिनपगारी गडी, असा तो हिशेब होता. पण हा गडी किड्यांवरच थांबला नाही. फळे, धान्य, माणसाचे उष्टे, दुसऱ्या पक्ष्यांची अंडी, त्यास सर्वच चालते.

तथापि खाण्याहून मोठा तंटा आहे तो जागेचा. साळुंकीस घरट्यासाठी पोकळी लागते. झाडात ढोली कोरण्याचे काम सुतार आणि तांबट यांसारखे थोडेच पक्षी करतात. बाकीच्यांस आयती ढोली शोधावी लागते, आणि ढोल्या मोजक्याच असतात. साळुंकीचे जोडपे एखादी ढोली बळकावते, तीत काटक्या, चिंध्या, कागद कोंबते आणि आतील अंडी वा पिले बाहेर ढकलून देण्यासही मागेपुढे पाहत नाही. जेथे हजारो वर्षे अशा भांडखोर शेजाऱ्याची सवय नव्हती, तेथील गाणारे पक्षी या झुंजीत हरतात.

याचे चटका लावणारे उदाहरण हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर सापडते. पहाटे शीळ घालणारा काळा-पांढरा दयाळ आपल्याकडे बागाबागांतून दिसतो. त्याचा एक भाऊबंद जगात केवळ सेशेल्समध्ये आहे. माणसाबरोबर आलेल्या मांजरांनी, उंदरांनी आणि जंगलतोडीने त्याची अशी वाताहत केली की, १९७० च्या सुमारास तो फ्रिगेट नावाच्या एका बेटावरच उरला, आणि तोही वीसाहून कमी. आपल्या मध्य प्रदेशाने राज्यपक्षी म्हणून गौरविलेल्या दूधराजाचाही एक काळा भाऊबंद त्याच द्वीपसमूहात आहे. हे दोन्ही पक्षी वाचावेत म्हणून २००८ साली त्यांतील काहींस डेनिस या छोट्या, दूरच्या बेटावर नेऊन सोडले. पण तेथे साळुंकी आधीच घर करून होती. ती नव्या पाहुण्यांच्या विणीत विघ्ने आणू लागली, घरट्यावर बसलेल्या पक्ष्यांवर चोचीचे घाव घालू लागली.

अखेर तेथील साळुंक्या नाहीशा करण्याचे ठरले. पिंजऱ्यात एक जिवंत साळुंकी ठेवावयाची, तिला दाणापाणी द्यावयाचे, आणि तिच्या हाकेने आलेल्या दुसऱ्या साळुंक्या शेजारच्या खणात अडकवावयाच्या, ही युक्ती सर्वांत अधिक उपयोगी पडली. मात्र इतरही पक्षी त्यात सापडत, त्यामुळे कामात व्यत्यय येई. शेवटच्या काही साळुंक्या बंदुकीनेच टिपाव्या लागल्या. काम तीन टप्प्यांत, पाच वर्षे चालले. एकूण १,१८६ पक्षी मारले गेले. हे काम अर्ध्यावर सोडून चालत नाही, कारण चार जोडपी उरली तरी पुढल्या पावसाळ्यात पुन्हा थवा उभा राहतो. बेट लहान व एकाकी होते म्हणून हे साधले. ऑस्ट्रेलियासारख्या खंडात ते अशक्यप्राय आहे. तेथे कॅनबेरासारख्या शहरांतून नागरिक परसात पिंजरे लावून संख्या आटोक्यात ठेवण्याचा यत्न करतात, इतकेच.

एका मुलीने आम्हांस विचारले, “पण गुरुजी, एकास वाचविण्यासाठी अकराशे मारावयाचे, हा कोणता न्याय?” प्रश्न योग्य आहे, आणि तो ज्यास पडत नाही त्याच्या हाती पिंजरा देऊ नये असे आम्हांस वाटते. आमचे उत्तर असे: जगातील साळुंक्या त्या अकराशेंनी सरत नाहीत, तो दयाळ मात्र एकदा सरला की सरला. जीव विरुद्ध जीव असा हा हिशेब नसून, भरून येणारी आणि कधीच न भरणारी हानी यांतील ही निवड आहे. तरीही मारणे ते मारणेच. आरंभी पक्षी नेताना चार माणसांनी विचार केला असता तर हा प्रसंगच येता ना.

येथे ग्वाल्हेरीत साळुंकी परकी नव्हे. तिला हुसकण्याचे आपणांस काहीच कारण नाही. गलोल हाती घेऊ पाहणाऱ्यांनी हे नीट वाचावे. अंदमानात मात्र तीच साळुंकी माणसाने नेलेली, म्हणजे परकी आहे. देश एकच, पण पक्ष्यास राज्याच्या सीमा कळत नाहीत, अरण्याच्या कळतात. आपल्या दयाळास येथे उणीव आहे ती ढोल्यांची. वठलेला कडुनिंब ‘निरुपयोगी’ म्हणून तोडला जातो, तेव्हा साळुंकी, पोपट, पिंगळा आणि दयाळ यांची उरलेल्या ढोल्यांसाठी ओढाताण वाढते. चैत्र ते आषाढ हा दयाळाच्या विणीचा काळ. त्या महिन्यांत आपल्या गल्लीतील एकच जुने झाड निवडावे, दुरून पाहावे, ढोलीस हात लावू नये, आणि कोणत्या ढोलीत कोण शिरले व कोणास बाहेर पडावे लागले याची तारीखवार नोंद वहीत करावी.