खरूज : औषध सगळ्या घराला

खरूज रक्त बिघडल्याने होत नाही. डोळ्यांना सहसा न दिसणारा किडा कातडीत बीळ करून अंडी घालतो. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला फोड उठतात. रात्री खाज वाढते. पहिल्या वेळी खाज सुरू व्हायला ४ ते ६ आठवडेही लागतात, म्हणून एका वाकळेत निजणारा आज बरा दिसला तरी त्याच्या अंगात किडा असू शकतो. घरभेटीत आम्ही पाहतो, मलम एकट्या पोरालाच लावलेले असते! मग खरूज परत येते. डॉक्टरांना विचारून ५ टक्के परमेथ्रिन मलम सर्वांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावावे, ८ ते १४ तासांनी धुवावे. आठवड्याने पुन्हा तसेच. कपडे, वाकळा त्याच दिवशी कढत पाण्यात धुवून उन्हात घालाव्यात. पिकावरचे औषध अंगाला मुळीच चोळू नये. किडा मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे राहते.