वरचा मी आणि खालचा मी

माणूस एक दिसतो, पण त्याच्या आत ‘मी’ म्हणणारे दोन असतात, हा अनुभव कोणाला नाही? काकड्याला उठायचे असे ठरवून निजणारा एक, आणि पहाट झाली की पांघरूण डोक्यावर ओढणारा दुसरा. भावाशी तुटेपर्यंत ताणणारा एक, आणि तासाभराने ‘उगीच बोललो’ म्हणून चुकचुकणारा दुसरा. हे दोघे कोण? दोन आत्मे म्हणावे, तर शास्त्र तसे सांगत नाही. एकच म्हणावे, तर हे भांडण कोणाकोणात चालले आहे?

या प्रश्नाचे एक उत्तर थिऑसॉफीच्या ग्रंथांत आहे. त्यांत ‘उच्च स्व’ आणि ‘कनिष्ठ स्व’ असे शब्द येतात. वारकऱ्याने ते का पाहावे, असे कोणी विचारील. पाहावे, याला दोन कारणे आहेत. एक तर या विचाराचा आणि आपल्या मुंबईचा संबंध जवळचा आहे. दुसरे असे की, त्याच समाजात वावरलेल्या एका मुंबईकराने तुकोबारायांची गाथा छापून आपल्या हाती दिली आहे. म्हणून आधी इतिहास थोडक्यात पाहू, मग सिद्धांत पाहू, आणि शेवटी तो आपल्या संतांच्या शिकवणुकीशी ताडून पाहू.

थिऑसॉफिकल सोसायटी १८७५ साली न्यूयॉर्कला स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी मॅडम ब्लॅव्हॅट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट हे १६ फेब्रुवारी १८७९ रोजी मुंबईस उतरले आणि गिरगावात बॅक रोडला बिऱ्हाड करून राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांचे ‘थिऑसॉफिस्ट’ हे मासिक मुंबईहून निघू लागले. पुढे ही मंडळी ब्रीच कँडीला राहावयास गेली, आणि १८८२ च्या अखेरीस मद्रासजवळ अड्यारला. परंतु माणूस सात तत्त्वांचा बनला आहे, हा त्यांचा प्रसिद्ध सिद्धांत १८८१ च्या ऑक्टोबरापासून याच मासिकाच्या लेखांतून मांडला गेला. तेव्हा ते मासिक मुंबईचेच होते. म्हणजे हा विचार आपल्या दारावरूनच जगात गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

आता सिद्धांत काय तो पाहू. स्थूल शरीर, प्राण, लिंगशरीर, काम, मन, बुद्धी आणि आत्मा अशी सात तत्त्वे ते मानतात. पहिली चार नाशिवंत. शेवटची दोन अविनाशी. राहिले मन. ते मधोमध उंबऱ्यावर बसले आहे. त्याचे तोंड कामाकडे वळले की ते खालचे मन, बुद्धीकडे वळले की वरचे मन. मन मात्र एकच. दिव्याची ज्योत स्वच्छ काचेतून आणि काजळलेल्या काचेतून वेगळी दिसते, म्हणून कोणी दोन ज्योती म्हणत नाही, तसे हे आहे.

ब्लॅव्हॅट्स्कीबाईंनी १८८९ साली ‘की टू थिऑसॉफी’ या ग्रंथात हे शब्द अधिक नेटके करून दिले. त्यांच्या मते ‘उच्च स्व’ म्हणजे केवळ आत्मा, जो कोणा एकाच्या मालकीचा नाही, सर्वांचा एकच. जन्मामागून जन्म घेणारा तो वरच्या मनाचा ‘मी’. त्यास त्या निराळे नाव देतात. आणि एका जन्मापुरते नाव, गाव, धंदा, आवडनिवड, राग-लोभ यांचे जे गाठोडे, तो ‘कनिष्ठ स्व’. देह पडल्यावर या गाठोड्यातले जे चांगले तेवढे वरच्या ‘मी’बरोबर पुढे जाते, बाकीचे विरून जाते. ध्यानात काही दिसले, कानात काही ऐकू आले, म्हणून त्याला लगेच उच्च स्व म्हणू नये, असाही इशारा त्यांनी दिला आहे. हा इशारा आम्हांस फार मोलाचा वाटतो. तो का, ते पुढे येईल.

येथे शब्दांची एक गफलत सांभाळली पाहिजे बरं का. आपल्या वेदान्तात मन, बुद्धी, चित्त, अहंकार मिळून अंतःकरण होते. थिऑसॉफीत मात्र खालच्या मनाकडून वरच्या मनाकडे जाणाऱ्या वाटेस ‘अंतःकरण’ म्हणतात. आपली बुद्धी निश्चय करणारी; त्यांची बुद्धी आत्म्याचे वाहन. शब्द आपले, अर्थ थोडा सरकलेला. खुद्द त्यांच्यातही या वाटणीवर एकमत नव्हते. टी. सुब्बाराव नावाचे त्यांच्यातलेच एक मद्रासकडील विद्वान, सातापेक्षा चार भागांची वाटणी बरी, असे १८८७ च्या सुमारास मांडीत होते. तेव्हा आकड्यात अडकू नये, मर्म घ्यावे.

मर्म हे की, मन एक आहे आणि त्याला दोन तोंडे आहेत. हे आपल्याला नवे आहे काय? गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात की, माणूस आपणच आपला सोयरा आणि आपणच आपला वैरी. त्यावर माउलींनी पोपटाचा दृष्टांत दिला आहे. नळीवर पोपट बसतो, त्याच्याच भाराने नळी फिरते, आणि तो उलटा होतो. खरे तर पाय सोडावे आणि उडून जावे. पण तो भितो, नळी अधिकच घट्ट धरतो, आणि वाटून घेतो की आपल्याला कोणी बांधले. बांधणारा कोणीच नाही! नळी धरणारा पोपट तोच, आणि उडू शकणारा पोपटही तोच. कनिष्ठ आणि उच्च यांचा निवाडा याहून सोप्या रीतीने कोणी केला असेल, असे आम्हांस वाटत नाही.

मग फरक कोठे? फरक आहे, आणि तो झाकून उपयोग नाही. थिऑसॉफीची वाट मुख्यत्वे स्वतःच्या पायांनी चढायची आहे. जन्मोजन्मी अभ्यास करावा, मन शुद्ध करावे, एकेक पायरी वर जावे. वारकरीही साधन सोडीत नाही; पण तो म्हणतो, नळी धरून बसलेल्या पोपटाला ‘पाय सोड’ असे सांगणारा कोणी तरी पाहिजे. ते काम संत करतात. आणि नुसते सोडायला सांगून भागत नाही, धरायला काही द्यावे लागते. ते नाम. खालच्या मनाला मारून टाका असे संत म्हणत नाहीत. त्याला टाळ द्या, पंढरीच्या वाटेला लावा, म्हणजे तेच मन वरचे होते, असे म्हणतात.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला, तिकडे वळू. ‘उच्च’ आणि ‘नीच’ हे शब्द आपल्या देशात फार जपून उच्चारले पाहिजेत. मनाच्या आत केलेली ही वाटणी बाहेर कधी सांडते, ते कळत नाही. आज मी म्हणतो, माझ्यात वरचा मी आहे आणि खालचा मी आहे. उद्या म्हणतो, माझ्यात वरचा जागा झाला आहे, शेजाऱ्यात अजून खालचाच आहे. परवा म्हणतो, अमके लोकच खालचे. झाले! आत्मविद्येच्या नावाने जुनाच विटाळ परत घरात आला.

हा धोका ओळखणाऱ्या माणसाचे नाव तुकाराम तात्या पडवळ. यांनी १८६१ साली ‘जातिभेद विवेकसार’ हे पुस्तक लिहिले, आणि त्याची दुसरी आवृत्ती १८६५ साली जोतीराव फुले यांनी प्रसिद्ध केली. पुढे ते थिऑसॉफिकल सोसायटीत गेले, त्यांनी योगशास्त्राचे ग्रंथ छापले, आणि १८८९ साली तुकोबांच्या अभंगांची मोठी गाथा प्रसिद्ध केली. तीत आठ हजारांवर अभंग आहेत. जातिभेदावर लिहिणारा, ब्रह्मविद्येचा अभ्यास करणारा आणि गाथा छापणारा हात एकच आहे, हे ध्यानात घ्या. त्या समाजाचा पहिला उद्देशही वंश, धर्म, जात न पाहता मनुष्यमात्राचे बंधुत्व हाच आहे. म्हणजे उच्च-नीच हा भेद प्रत्येकाच्या आत आहे, माणसामाणसांत नाही, ही किल्ली हरवली तर सारी विद्या फुकट.

आपल्याकडेही ही किल्ली हरवली होती. पंढरीचे दार दलित बांधवांस बंद होते. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरास प्राण पणाला लावून उपोषणास बसले, तेव्हा ते उघडले. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर किती शतके उन्हात उभी होती, याचा हिशेब प्रत्येक वारकऱ्याने स्वतःशी करावा.

दुसरा धोका उलट बाजूचा. देह आणि पोट ही ‘कनिष्ठ’ म्हणून त्यांची हेळसांड करणे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसांचे काम थांबले. परळ-लालबागच्या चाळींतून भजनाला बसणारे कितीतरी जण त्यांत होते. कोणी साचेवाला, कोणी जॉबर, कोणी बदली कामगार. बहुतेकांना ते काम पुन्हा मिळाले नाही. आज त्या गिरण्यांच्या जागी टोलेजंग इमारती उभ्या आहेत. अशा माणसाला ‘नोकरी गेली ती तुझ्या खालच्या मी ची, वरच्याचे काय गेले?’ असे सांगणे हे ज्ञान नव्हे, क्रूरपणा आहे. उपाशी माणसाला आधी जेवू घालावे. पण ज्याचे सर्व गेले, त्याने स्वतःच्या तोंडाने ‘काम गेले, पण मी उरलो आहे’ असे म्हटले, तर ते खरे ज्ञान. दुसऱ्याच्या दुःखावर हा सिद्धांत लावू नये. तो आपल्या दुःखावर लावण्यासाठी आहे.

मग आपल्यातला बोलणारा कोणता, हे ओळखावे कसे? अहो, खालचा मी फार हुशार आहे. तो माळ घालतो, गंध लावतो, ध्यानालाही बसतो. दिंडीत वीणा कोणी घ्यायचा, पुढे कोणी चालायचे, यावरून जो फुरंगटतो तो हाच. आणि फुरंगटताना तो सांगतो की, मला मानाची हौस नाही, परंपरेसाठी बोलतो! म्हणूनच वर सांगितलेला तो इशारा मोलाचा. आतून आलेला प्रत्येक आवाज वरचा नसतो. खूण एकच धरावी. ज्या आवाजाने मान ताठ होते तो खालचा. ज्याने ती वाकते तो वरचा. मात्र ही खूण दुसऱ्याची मान मोजण्यासाठी नाही. तिने आपलीच मोजावी.

म्हणून तर आपल्या संप्रदायात भेटताक्षणी एकमेकांच्या पाया पडण्याची रीत आहे. तेथे वय, जात, पैसा पाहत नाहीत. आणि म्हणूनच नामदेवरायांनी जागा मागितली ती महाद्वाराच्या पायरीची. वर जाण्याची ज्याला पूर्ण मोकळीक होती, त्याने सर्वांच्या पायांखालची जागा निवडली. उच्च स्वाचे याहून स्पष्ट चित्र आम्हांस ठाऊक नाही.

तात्पर्य, ग्रंथ कोणाचाही असो, चांगले ते घ्यावे. रात्री हरिपाठ झाल्यावर घटकाभर स्वस्थ बसावे आणि विचारावे : आज दिवसभर ‘मी, मी’ कोण म्हणाला? उत्तर मनाला बोचेल. बोचू द्यावे. त्यावर स्वतःला शिव्या देत बसू नये, कारण तोही एक अहंकारच. नळी धरलेली दिसली की पाय सैल करावेत, नाम घ्यावे आणि निजावे. सकाळी ज्याच्याशी बोलणे टाकले असेल, त्याच्या दारात आपण आधी जावे. दादरचा असो, गिरगावचा असो, वडाळ्याच्या विठ्ठलाच्या रांगेत मागे उभा असो, त्याच्यात जो आहे तोच आपल्यात आहे.

॥ रामकृष्णहरि ॥